शेतजमिनीपासून सदनिकेपर्यंत : कल्याण–खडवली पट्ट्यातील स्थावर गुंतवणुकीचा इतिहास (१८५५ ते २०२५)

प्रस्तावना

जमीन आणि घर ही मराठी माणसाच्या दृष्टीने प्रदीर्घ काळ वतन, वहिवाट आणि निवारा यांच्याशी निगडित असलेली गोष्ट होती. ती 'गुंतवणूक' केव्हा झाली, कशामुळे झाली आणि त्या गुंतवणुकीतला नफा नेमका कोठून आला, हे प्रश्न आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ग्रामीण-नागरी सीमेवरच्या गावांच्या संदर्भात फारसे विचारलेले नाहीत. मुंबई शहराच्या चाळी, गिरण्या आणि भराव यांवर विपुल लेखन झाले आहे. मात्र शहराच्या वाढीचा भार ज्या गावांनी उचलला, त्या गावांतील जमिनीच्या हस्तांतराचा इतिहास तलाठी दप्तरातील फेरफारांतच राहिला.

प्रस्तुत लेखात मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील खडवली या गावाच्या परिसराचा केंद्रस्थानी विचार केला आहे. कल्याण तालुक्यातील हे गाव भातसा नदीच्या काठी, टिटवाळा व वाशिंद या स्थानकांच्या दरम्यान वसलेले आहे. एकीकडे कल्याण-डोंबिवलीची दाट नागरी वस्ती आणि दुसरीकडे शहापूरचा आदिवासीबहुल डोंगराळ प्रदेश यांच्या मधोमध असल्यामुळे शेतजमिनीचे भूखंडात आणि भूखंडाचे घरात होणारे रूपांतर येथे स्पष्टपणे पाहता येते.

स्थावर मालमत्तेतील गुंतवणुकीवरची जी मार्गदर्शक पुस्तके आपल्याकडे वाचली जातात, त्यांतील अनेकांचा साचा अमेरिकन आहे. जुने घर स्वस्तात घ्यावे, त्याची डागडुजी करावी आणि अल्पावधीत चढ्या भावाने विकावे, असा त्यांचा उपदेश असतो. या लेखाचे प्रतिपादन असे की, कल्याण–खडवली पट्ट्यात नफ्याचा उगम घराच्या डागडुजीत कधीच नव्हता. तो जमिनीच्या व घराच्या कायदेशीर दर्जातील बदलात होता. येथे दुरुस्ती झाली ती भिंतींची नव्हे, कागदांची. आणि त्या दुरुस्तीचा लाभ व भार समान वाटला गेला नाही.

१. रूळ, गवत आणि वरकस जमीन

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे ही पहिली प्रवासी रेल्वे धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदपर्यंत पोहोचली. खडवली परिसरातून रूळ गेले ते याच टप्प्यात. १ जानेवारी १८६१ पासून कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ मध्ये थळ घाटाचे काम पूर्ण झाल्यावर घाटमाथ्यावर वाहतूक सुरू झाली. म्हणजे खडवलीच्या भातशेतीला आगगाडीचा शेजार मिळून आज पावणेदोनशे वर्षे होत आली आहेत. तरीही पहिली शंभर वर्षे येथे घरबांधणीसाठी जमिनीला फारशी मागणी नव्हती, ही बाब लक्षणीय आहे. केवळ रेल्वे आल्याने जमिनीचा भाव आपोआप वाढतो, ही समजूत या उदाहरणाने खोटी ठरते.

त्या काळात या जमिनीचे मोल पिकात आणि गवतात होते. ठाणे जिल्ह्यातील महसुली परिभाषेत भाताच्या खाचरांखेरीज 'वरकस' नावाचा जमिनीचा एक वर्ग आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळा, गवत आणि नागली-वरीसारखी हलकी पिके या जमिनीतून मिळत. मुंबईतील तबेल्यांना व घोडागाड्यांना लागणारे गवत ठाणे जिल्ह्यातून जाई, आणि त्या व्यापारामुळे शहरातील भांडवल प्रथमच येथल्या माळरानावर आले. जिल्ह्याच्या उत्तर भागात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न १९४५ च्या वारली आंदोलनात किती तीव्र झाला, हे सर्वश्रुत आहे. वरकस जमीन भातशेतीच्या मानाने कमी प्रतीची समजली जाई. पुढे हीच 'कमी प्रतीची' चढावाची जमीन बंगल्यांच्या भूखंडांसाठी सर्वांत सोयीची ठरली, हा या इतिहासातील एक विरोधाभास होय.

२. भाड्याचे घर आणि कुळाची जमीन

शहरात याच काळात गुंतवणुकीचे प्रमुख साधन चाळ हे होते. व्यापारात मिळवलेला पैसा चाळीत घालावा आणि महिन्याकाठी भाडे घ्यावे, अशी ती सरळ व्यवस्था होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. फाळणीनंतरचे निर्वासित आणि शहरातली घरटंचाई पाहता भाडेकरूंना संरक्षण देणे त्या वेळी आवश्यक होते. परंतु भाडे गोठल्यामुळे भाड्यासाठी घरे बांधण्यातील रस आटला. घरमालक डागडुजी टाळू लागले आणि भाडेहक्काच्या हस्तांतरासाठी 'पागडी' ही समांतर बाजारपेठ उभी राहिली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी कालबाह्य व अवाजवी झाल्याचे म्हटले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने पागडीच्या व्यवहाराला कायदेशीर मान्यता दिली.

ग्रामीण भागात याच सुमारास समांतर घटना घडत होती. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आणि त्यातील १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे मालक मानले गेले. कलम ३२-ग खाली किंमत ठरवून आणि ती भरून कुळाला कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळे. ही क्रांती कागदावर जितकी स्वच्छ होती तितकी प्रत्यक्षात नव्हती. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी केलेल्या, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कुळांनी 'स्वखुशीने' जमिनी सोडल्याची मोठ्या प्रमाणावरील उदाहरणे आढळली होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कुळकायद्यातील दोन कलमे महत्त्वाची आहेत. कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. कलम ४३ नुसार कुळाला मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीविना विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे उलटलेली असल्यास जमीन आकारणीच्या चाळीसपट रक्कम भरून ही अट शिथिल होऊ शकते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातील 'कु. का. कलम ४३ च्या बंधनास पात्र' ही एक ओळ या पट्ट्यातील असंख्य व्यवहारांची किल्ली ठरली.

म्हणजे दहा वर्षांच्या अंतरात शहरातील भाडेकरूला आणि गावातील कुळाला, दोघांनाही कायद्याने संरक्षण दिले. मात्र दोन्ही ठिकाणी त्या संरक्षणामुळे मालमत्तेचा कायदेशीर भाव आणि बाजारातला भाव यांच्यात दरी पडली. पुढच्या काळातील गुंतवणूकदार वाढला तो याच दरीत.

३. मालकीची सदनिका आणि मध्यमवर्गाचे स्थलांतर

भाड्याने घर मिळेनासे झाले तेव्हा मध्यमवर्गाने मालकीचा मार्ग धरला. त्याचा एक आदर्श आधीच उपलब्ध होता. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही सहकारी घरबांधणीची आद्य संस्था मानली जाते. तिचा हेतू नफा हा नव्हता. सभासदांना परवडणारा निवारा देणे हा होता. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानंतर हा नमुना राज्यभर पसरला. परंतु प्रसारात त्याचे स्वरूप पालटले. आधी माणसे एकत्र येऊन संस्था काढीत व मग इमारत बांधीत. आता विकासक इमारत बांधी, सदनिका विके आणि शेवटी संस्था नोंदवी. या नव्या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३, म्हणजेच 'मोफा', आला. लेखी व नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा अधिक आगाऊ रक्कम घेण्यास त्याने मनाई केली.

कल्याण–डोंबिवली परिसरात याच काळात रोजगार वाढत होता. १९४९ मध्ये उल्हासनगर ही निर्वासितांची वसाहत वसली. शहाड व मोहने येथे रेयॉनचे कारखाने होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने डोंबिवलीत वसाहत उभारली. लोकलगाडीने मुंबईची कचेरी आणि डोंबिवलीचे घर जोडले गेले. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एच.डी.एफ.सी.ने नोकरदाराला दीर्घ मुदतीचे गृहकर्ज दिले. त्याआधी घर हे बहुधा भविष्य निर्वाह निधी, दागिने आणि नातेवाइकांची उसनवार यांतून होई. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातील मोकळ्या जमिनीचा पुरवठा आणखी आखडला. हा कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मध्य मुंबईतून बाहेर पडलेल्या अनेक कुटुंबांनी कल्याणच्या दिशेने वाट धरली. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका स्थापन झाली, ती या वाढीवर झालेले प्रशासकीय शिक्कामोर्तबच होय.

घर घेऊन लगेच विकण्याचा प्रघात या टप्प्यावर प्रथम दिसतो. पाया खणण्यापूर्वी सदनिका 'बुक' करावी, थोडा हप्ता भरावा आणि ताबा मिळण्यापूर्वी ती दुसऱ्याच्या नावे करून फरक घ्यावा, अशी ती रीत होती. येथे घराला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण घर अजून अस्तित्वात आलेले नसे. नफा मिळे तो वेळेचा आणि कराराचा. १९८५ मधील मुद्रांक कायद्याच्या दुरुस्तीने ताब्याचा हक्क देणारा विक्रीचा करारही अभिहस्तांतरणपत्राप्रमाणे शुल्कपात्र ठरवला. त्यामुळे हा खेळ महागला. दुसऱ्या बाजूने याच कायद्यात विकासकाकडून घेऊन अल्प मुदतीत पुन्हा विकणाऱ्या 'गुंतवणूकदारा'साठी आधी भरलेले शुल्क पुढील व्यवहारात वळते करून देण्याची तरतूद आहे. ती मुदत २०२२ मध्ये एक वर्षावरून तीन वर्षे करण्यात आली. राज्याने अल्पकालीन पुनर्विक्रीला अशा प्रकारे अधिकृत मान्यताही दिली आहे.

४. खडवलीतील भूखंड

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर वाढलेली गृहकर्जे आणि गृहकर्जावरील व्याजाला मिळालेली आयकर सवलत यांमुळे पहिले घर झालेल्या वर्गाकडे दुसऱ्या मालमत्तेचा विचार करण्याइतकी ऐपत आली. हा वर्ग डोंबिवली-ठाण्यात राहणारा, बँकेत, विमा कंपनीत, शाळा-महाविद्यालयांत नोकरी करणारा होता. लोकल पोहोचते, नदी आहे, डोंगर दिसतो आणि भाव आवाक्यात आहे, या चार गोष्टींनी खडवली, वाशिंद, आसनगाव ही नावे जाहिरातींत झळकू लागली. 'एन.ए. प्लॉट', 'बंगलो प्लॉट', 'फार्महाऊस', 'सेकंड होम' हे शब्द मराठीत रुळले ते याच काळात.

ही जमीन विक्रीस येण्याची प्रक्रिया सामान्यतः अशी असे. १९५७ मध्ये मालक झालेल्या कुळाच्या तिसऱ्या पिढीत वारसांची संख्या वाढून प्रत्येकाच्या वाट्याला काही गुंठेच येत. भातशेतीचे उत्पन्न घटलेले, मुलगा कल्याणला नोकरीच्या शोधात, घरात लग्न किंवा आजारपण. गावातील दलाल इसार देऊन साठेकरार करी आणि बरोबर कुलमुखत्यारपत्र लिहून घेई. मग कलम ४३ ची परवानगी, वारसनोंद, मोजणी आणि बिनशेती आदेश ही कामे दलाल किंवा त्याच्या मागचा विकासक करी. शेतकऱ्याशी भाव एकराने ठरे. ग्राहकाशी तो गुंठ्याने, वाराने किंवा चौरस फुटाने ठरे. एकरात ४० गुंठे आणि गुंठ्यात १,०८९ चौरस फूट. मोजण्याचे एकक जसजसे लहान होत गेले तसतसा दर चढत गेला. जमीन तीच राहिली. तिच्याविषयीचा कागद बदलला.

काही विक्रेत्यांनी बिनशेती आदेशाचा खटाटोपही टाळला. मुंबईचे तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियम, १९४७ प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीस मनाई करतो. तरीही शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे नोटरीपुढील करारावर किंवा अनेक खरेदीदारांच्या सामाईक नावावर विकले गेले. अशा खरेदीदाराला जमीन दाखवली जाई, कुंपणही घालून दिले जाई, पण स्वतंत्र सातबारा मिळत नसे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात, केवळ कुलमुखत्यारपत्र व साठेकरार यांच्या आधारे स्थावर मालमत्तेची मालकी संक्रमित होत नाही, असे स्पष्ट केले. त्यापूर्वी वर्षानुवर्षे हीच कागदपत्रे 'व्यवहार पूर्ण' समजून घेतली गेली होती. पुढे महसूल संहितेतील २०१७ च्या दुरुस्तीने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी बिनशेती प्रक्रिया सोपी केली, तर २०२५ मध्ये नागरी क्षेत्रांपुरते तुकडेबंदीचे निर्बंध शिथिल करण्याचे पाऊल शासनाने टाकले. नियम मोडून झालेले व्यवहार कालांतराने नियमात बसवले जातात, ही येथील जुनी परंपरा आहे, आणि पुढच्या नियमभंगाला धैर्य मिळते तेही तिच्यातूनच.

अलीकडचा मोठा बदल म्हणजे समृद्धी महामार्ग. नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्याने पूर्ण झाला. आमणे हे त्याचे मुंबईकडील टोक भिवंडी तालुक्यात, पडघ्याजवळ, म्हणजे खडवलीहून फार दूर नाही. १८५५ च्या रेल्वेने जे शंभर वर्षांत केले नाही ते महामार्गाच्या नुसत्या आखणीने काही वर्षांत केले. कारण मधल्या काळात जमिनीचे विक्रीयोग्य वस्तूत रूपांतर करणारी कायदा, कर्ज आणि दलाली यांची यंत्रणा तयार झालेली होती.

५. कागदाची दुरुस्ती आणि तिचे धोके

अमेरिकेतील घराच्या फेरविक्रीच्या व्यवसायामागे काही गृहीतके आहेत : स्वतंत्र भूखंडावरील जुने घर, मालकी हक्काचा विमा आणि लिलावात निघणारी तारण घरे. तेथेही २००७-०८ च्या गृहकर्ज संकटात हा व्यवसाय कसा कोसळला, हे जगाने पाहिले. कल्याण परिसरात यांतील एकही गृहीतक पूर्णपणे लागू पडत नाही. येथे घर बहुधा इमारतीतील सदनिका असते. इमारतीखालची जमीन अनेकदा संस्थेच्या नावे झालेलीच नसते. २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय करावी लागली, यावरूनच या त्रुटीची व्याप्ती कळते.

सातबाऱ्यावरील बोजा, वारसाची राहिलेली नोंद, मालकाच्या बहिणींचे न सोडलेले हक्क, कुळाचे नाव, भोगवटादार वर्ग २ ची अट, नदीकाठची निळी व लाल पूररेषा यांपैकी प्रत्येक बाब भिंतीच्या तड्याहून अधिक घातक आहे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. २६ जुलै २००५ चा अनुभव असलेल्या या जिल्ह्यात नदीकाठचा रम्य भूखंड घेणाऱ्याने या रेषा पाहिल्याच पाहिजेत.

कागद खोटा निघाल्यास काय होते याची दोन उदाहरणे या परिसराने पाहिली आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे लकी कंपाऊंडमधील अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. दुसरे उदाहरण कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ हा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि नोंदणी क्रमांक म्हणजे सुरक्षितता अशी भावना रुजली. परंतु या इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवल्याचे उघड झाले. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचे आदेश दिले. ज्यांनी कर्ज काढून, मुद्रांक शुल्क भरून, नोंदणी करून घरे घेतली, त्यांच्यापुढे बेघर होण्याचे संकट उभे राहिले. कायद्याने मागितलेला प्रत्येक कागद जवळ असूनही मूळ कागद खोटा असेल तर ग्राहक असहाय ठरतो, हा याचा धडा होय.

६. नवोदित गुंतवणूकदाराचे गणित

'घर घ्या आणि वर्षभरात विका' हा सल्ला नोकरदाराच्या बाबतीत कितपत टिकतो, हे एका कल्पित उदाहरणाने तपासता येईल. ३० लाख रुपयांची जुनी सदनिका घेतली असे मानू. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरल्यास १ लाख ८० हजार, नोंदणी फी कमाल मर्यादेनुसार ३० हजार, एक टक्का दलाली ३० हजार, डागडुजी २ लाख, २४ लाखांच्या कर्जावर नऊ टक्क्यांनी वर्षाचे व्याज सुमारे २ लाख १६ हजार आणि देखभाल खर्च २४ हजार. एकूण गुंतवणूक ३६ लाख ८० हजारांवर जाते. विकताना पुन्हा एक टक्का दलाली द्यावयाची असल्याने केवळ तोटा टाळण्यासाठी सदनिका ३७ लाख १७ हजारांच्या आसपास विकली गेली पाहिजे. म्हणजेच एका वर्षात किंमत चोवीस टक्क्यांनी वाढली तर विक्रेता शून्यावर येतो. त्यानंतर जो नफा उरेल तो दोन वर्षांच्या आतील असल्यामुळे अल्पकालीन भांडवली नफा ठरून उत्पन्नाच्या दरानुसार करपात्र होतो. दोन वर्षांनंतरच्या विक्रीवर जुलै २०२४ पासून साडेबारा टक्क्यांचा दर लागू झाला. त्यापूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी व्यक्तींना महागाई निर्देशांकासह वीस टक्क्यांचा पर्याय ठेवण्यात आला.

मग या पट्ट्यात पैसा कोणी मिळवला? ज्याला प्रत्येक टप्प्यावर पूर्ण शुल्क द्यावे लागले नाही, ज्याचे पैसे इसारापुरतेच अडकले आणि ज्याला परवानगी केव्हा व कशी मिळेल याची आगाऊ माहिती होती, त्याने. हे भांडवल रोख रकमेहून अधिक ओळखीचे आणि माहितीचे होते. महाविद्यालयातील शिक्षक, बँकेतील लिपिक किंवा निवृत्त कर्मचारी यांच्यापाशी ते नसते. म्हणून त्यांच्यासाठी सुरुवात करण्याचा मार्ग वेगळाच आहे. तीस वर्षांचा शोध घ्यावा. सातबारा, फेरफार, आठ-अ आणि सूची क्रमांक दोन स्वतः वाचावेत. जमिनीची सरकारी मोजणी करून घ्यावी. परवानगीची प्रत विक्रेत्याकडून न घेता देणाऱ्या कार्यालयातून पडताळावी. आणि अल्पकालीन नफ्याची अपेक्षा सोडून द्यावी.

७. वाढीव मूल्य कोणाचे?

हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थचिंतकाने १८७९ मध्ये असे मांडले की, जमिनीचे वाढते मूल्य मालकाच्या श्रमातून निर्माण होत नाही, समाजाच्या प्रगतीतून होते; म्हणून ते समाजाकडे गेले पाहिजे. हा विचार आपल्या कायद्यांना अपरिचित नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आणि पुढे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात सुधारणेमुळे वाढलेल्या मूल्यातील हिस्सा वसूल करण्याची तरतूद आहे. शर्तीच्या जमिनींवरील नजराणा आणि त्यामागची 'अनर्जित उत्पन्न' ही संकल्पनाही याच विचाराची रूपे आहेत. खडवलीच्या बाबतीत मात्र हे वाढीव मूल्य समाजाकडे गेले नाही आणि मूळ कसणाऱ्याकडेही पुरेसे राहिले नाही.

त्याहूनही खाली असलेला वर्ग आदिवासींचा. कल्याण, भिवंडी व शहापूर तालुक्यांत कातकरी, ठाकूर, वारली समाज राहतो. १९७४ च्या कायद्यांनी आदिवासींच्या जमिनी बिगर आदिवासींकडे जाण्यावर बंधने घातली आणि गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद केली. परंतु ज्यांच्या नावे जमीनच नव्हती त्या कातकऱ्यांना या कायद्याचा फारसा उपयोग नव्हता. त्यांच्या अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. ती जमीन विकली गेली की वाडीचे अस्तित्वच वादात सापडते. याच समाजातील कुटुंबे या तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर उचल घेऊन हंगामभर राबत आली. वेठबिगारीच्या या प्रश्नावर श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून केलेले कार्य ज्ञात आहे. कल्याण-डोंबिवलीच्या इमारतींची वीट ज्यांनी थापली त्यांच्या नावे घराखालची जमीनही नसावी, ही गोष्ट या गुंतवणुकीच्या इतिहासात नोंदवली गेलीच पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कल्याण–खडवली पट्ट्यात रेल्वेमुळे स्थावर गुंतवणूक तत्काळ वाढली नाही. कायदा, कर्ज आणि दलाली यांची यंत्रणा तयार झाल्यावरच दळणवळणाचे रूपांतर जमिनीच्या भावात झाले.

२) १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आणि १९५७ चा कृषक दिन यांनी दुर्बलांना दिलेले संरक्षण आवश्यक होते, परंतु त्यातून कायदेशीर भाव व बाजारभाव यांत जी तफावत पडली, तिच्यावर पुढील पिढ्यांतील मध्यस्थ पोसले गेले.

३) येथील नफ्याचा उगम घराच्या सुधारणेत नसून मालमत्तेच्या कायदेशीर दर्जातील बदलात आहे. म्हणून परदेशी पुस्तकांतील डागडुजी व फेरविक्रीचा उपदेश येथे जसाच्या तसा लागू होत नाही.

४) अल्पकालीन फेरविक्रीत शुल्क, व्याज व कर यांचा भार इतका असतो की सामान्य नोकरदारास ती क्वचितच लाभदायक ठरते. ६५ इमारतींच्या प्रकरणाने दाखवल्याप्रमाणे केवळ नोंदणी क्रमांकावर विसंबणेही पुरेसे नाही.

५) वाढीव मूल्याच्या वाटपात मूळ कसणारा शेतकरी आणि भूमिहीन आदिवासी यांचा वाटा अत्यल्प राहिला. समृद्धी महामार्गामुळे या परिसरात भाववाढीचा नवा टप्पा सुरू होत असताना कातकरी वाड्यांच्या जागा आधी नावावर करून देणे हे शासनाचे पहिले कर्तव्य ठरते.

तलाठी दप्तरातील फेरफार, दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची आणि गावातील वृद्धांच्या मुलाखती या तीन साधनांच्या साहाय्याने एकेका गावाचा असा इतिहास लिहिता येणे शक्य आहे. ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेतल्यास, २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाख लोकसंख्येसह देशात सर्वाधिक लोकसंख्येच्या ठरलेल्या तत्कालीन ठाणे जिल्ह्याची वाढ कोणाच्या जमिनीवर झाली, याचे उत्तर हाती येईल. ते विद्यार्थी बहुधा याच गावांतील असतील आणि त्यांच्या घरातील पेटीत साठेकराराची एखादी जुनी प्रत असेल. संशोधनाचा प्रारंभ तेथून होऊ शकतो.